हुंकारापुरतं वाक्य

आत्याला फोन लावला की हल्ली पलीकडून आधी पाण्याचा आवाज येतो. ती नळ सुरू ठेवूनच बोलते. मी महाडहून ओरडतो, "अगं, नळ बंद कर आधी," आणि ती म्हणते, "भांडा भरतोय रे, भरू दे." भांडं कधीच भरलेलं असतं, हे तिलाही माहीत असतं आणि मलाही. पाणी वाया घालवू नका असं मी शाळेत मुलांना बजावत असतो, पण आत्याला दुसऱ्यांदा सांगायचं माझ्याच्याने होत नाही. तो आवाज ऐकला की माझा जीव पुन्हा एकदा भांड्यात पडतो.

मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गाव आमचं पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. छोटीशी वाडी. वर्षभर निम्म्या घरांना कुलूप असतं आणि मे महिन्यात चाकरमानी आले की पार्किंगवरून भांडणं होतात. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तशी कडेवरच्या मुलीला घेऊन ती माहेरी आली. माझ्या वडिलांनी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, आमच्याच जागेत, तिला दोन खोल्या बांधून दिल्या. तेव्हापासून ती तिथे आहे. वडील गेले, मी महाडला आलो, तिची मुलगी लग्न होऊन बिरवाडीला गेली, आणि आत्या पऱ्याच्या पलीकडे राहिली. अख्खी वाडी तिला 'बाय' म्हणते. म्हातारी झाली तरी गावच्या लेकीला दुसरं काय म्हणणार?

एका पावसाळ्यात झऱ्यावरून पाणी आणताना तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तोवर सरकारी योजनेची टाकी वाडीच्या वरच्या माळावर झाली होती, घरोघरी नळ आले होते. राहिलं होतं फक्त तिचं घर, कारण तिथे पाईप न्यायचा तर पऱ्याच्या कडेला असलेल्या शेताच्या बांधावरूनच न्यावा लागणार होता. ते शेत दुसऱ्या भावकीतल्या एका काकांचं. पंचायतीने सांगितलं की गावकीची संमती लिहून आणा, आम्ही पाईप टाकून देतो. काका ना हो म्हणत ना नाही. विचारलं की म्हणायचे, "बघू की, मे महिन्यात सगळी येतील तेव्हा."

प्लास्टर होतं तोवर आत्या बिरवाडीला लेकीकडे होती. जावई कंपनीत कामाला, भाड्याच्या दोन खोल्या, माणसं सोन्यासारखी. पण आत्या तिथे सुकून गेली. मी भेटायला गेलो तर जिन्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं दार उघडला की समोर दार." एवढीच तिची तक्रार. परत गावी सोडताना लेकीने तिला स्पष्ट सांगितलं, की मे महिन्यापर्यंत नळ आला तर ठीक, नाहीतर पुढचा पावसाळा मी तुला इथे काढू देणार नाही. तिचं चूक नव्हतंच. आत्या बरं म्हणाली आणि गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते.

गावकी, म्हणजे सगळ्या घरांची सभा, पूर्ण भरते ती मे महिन्यात एकदाच, चाकरमानी परत जायच्या आदल्या दिवशी. म्हणजे संमती मिळवायला एकच दिवस. आणि त्या वर्षी गावकीचा चिटणीस मी होतो. मराठीचा मास्तर घरचाच असताना ठराव दुसरं कोण लिहिणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. सर्वात जास्त मलाच.

आमच्या गावकीत कागद वाचायची एक रीत आहे. वाचणारा एक वाक्य वाचतो आणि थांबतो. मग सभेतले सगळ्यात वयस्क आजोबा 'हूं' म्हणतात, त्यांच्या मागून बाकीचे म्हणतात, मग पुढचं वाक्य. गोष्ट ऐकताना लहान मुलं देतात तसा हा हुंकार. जुन्या लोकांपैकी कुणाला वाचता येत नसे, तेव्हा ऐकलं आणि पटलं याची खूण म्हणून तो सुरू झाला असणार. आता नातवंडं इंजिनिअर झाली तरी तो चालूच आहे. हूं आला नाही तर वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही. आणि एकदा दिलेला हूं कुणालाही परत घेता येत नाही. सह्या नंतर होतात, पण त्यांना कुणी फारसं विचारत नाही.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही ठराव लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात गावकी नव्हती, माझा वर्ग होता.

वर्गात मी वाक्यं जोडायला शिकवतो. मुलं लिहितात, 'आमचं गाव डोंगरावर आहे. तिथे धुकं असतं. तिथे आजी राहते. ती नाचणी लावते.' प्रत्येक वाक्य सुटं, प्रत्येकाची उंची सारखी, कवायतीला उभी केल्यासारखी. मी लाल पेनने ती एकमेकांत गुंफून दाखवतो: 'धुक्यात हरवलेल्या डोंगरावरच्या आमच्या गावी आजी अजूनही नाचणी लावते.' चार वाक्यांचं एक. मुलं माना डोलावतात. एखादं वाक्य 'असलेलं' करून दुसऱ्याच्या पोटात घालायचं, एखाद्याचं क्रियापद 'करून' करून पुढच्याला बांधायचं, 'कारण' आणि 'म्हणून' यांनी बिजागऱ्या ठोकायच्या, हे सगळं मला मनापासून आवडतं. माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी भाजीची पिशवी आणायलाही उपवाक्य वापरतो. असेल.

तर असा मी. पंधरवडाभर घोळवून ठराव तयार केला तो असा:

'सरकारी योजनेच्या टाकीवरून वाडीतील इतर सर्व घरांना नळजोडणी झालेली असताना, पऱ्याच्या पलीकडे माहेरी वास्तव्यास असलेल्या व मागील पावसाळ्यात झऱ्यावर पाय घसरून हाताला दुखापत झालेल्या आपल्या ज्येष्ठ भगिनींना वयोमानानुसार पाणी वाहणे शक्य नसल्याने, त्यांच्या घरापर्यंतचा पाईप शेताच्या बांधाच्या कडेने, शेताच्या मालकीस कोणतीही बाधा न येता, नेण्यास ही गावकी एकमताने संमती देत आहे.'

एकच वाक्य. मी ते स्वतःशी मोठ्याने वाचून पाहिलं आणि खूश झालो. त्यात कारण होतं, वाट होती, काकांच्या हक्काची काळजी होती आणि संमतीही होती. सगळं एकात एक असं अडकवलेलं, की कुणी एक धागा ओढायला गेला तर अख्खं कापड हातात यावं. मला वाटलं, आता नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

सभा सकाळी देवळाच्या मंडपात भरली. पुरुष सतरंजीवर, बायका मागे पायऱ्यांवर. आत्या कडेच्या पायरीवर लेकीशेजारी बसली होती. लेक सकाळीच बिरवाडीहून आली होती आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची ठरवून आली होती. गाडीत आत्या असणार की नाही, हे त्या मंडपात ठरायचं होतं. आत्याने दोन लुगडी घडी करून ठेवली होती, ती मी सकाळी तिच्या खाटेवर पाहिली होती.

मी वाचायला लागलो. 'झालेली असताना' यापाशी मला श्वास घ्यावा लागला. आजोबा हनुवटी वर करून तयारच बसलेले. मी थांबलो, तसे ते सवयीने म्हणाले, "हूं." मागून बाकीच्यांचाही आला. मी हाताने नाही नाही अशी खूण केली आणि पुढे गेलो. 'शक्य नसल्याने' यापाशी पुन्हा दम लागला, पुन्हा हूं, या वेळी जरा बेसूर, कारण काहींना वाटलं वाक्य संपलं आणि काहींना वाटलं नाही. 'बांधाच्या कडेने' यावर मी फक्त आवंढा गिळला, तर मागच्या रांगेतून कुणीतरी हूं देऊन मोकळा झाला.

काका ताडकन उभे राहिले. "कुनी दिला हूं? कशाला दिला?"

देणारा मूग गिळून बसला.

"मी पन दिला हूं," काका म्हणाले. "पन तो बायच्या हाताला दिला. हात मोडला ते खरा हाय, त्याला माजा हूं. पायपाला नाय दिला. अजून दिला नाय."

मी समजुतीने सांगायला गेलो की काका, वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही, पुढे तुमच्या हक्काचंच आहे. तिथेच माझं आणखी बिनसलं.

"तेच तर सांगतोय," ते म्हणाले. "माज्या बापाने असाच हूं दिला व्हता. रस्त्याचा कागद व्हता. ह्यो एवढा लांब. मधी कुठंतरी आमच्या शेताचा खालचा कोपरा व्हता. बाप माजा शेवटाला हूं बोलला आन् कोपरा गेला. त्याला कळला कधी, तर खणायला आले तेव्हा. मरेस्तोवर तो बोलायचा, मी हूं दिला कशाला."

जुन्या माणसांना ते आठवत असावं, कारण कुणीही त्यांना खाली बस म्हणालं नाही. मला मात्र हे पहिल्यांदाच कळत होतं. इतके महिने मी समजत होतो की काका जुन्या भावकीच्या कुरबुरीमुळे अडून बसलेत. त्यांना बायचं पाणी अडवायचं नव्हतंच. त्यांना कागदाची भीती होती, आणि मी नेमका त्यांना भीती वाटावी तसाच कागद लिहून आणला होता.

आजोबांनी निकाल दिला. "जेवून घ्या आता. मास्तर, तू ह्ये परत लिवून आण. माज्या दमात बसंल असा लिव."

लोक हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

जेवायला मी थांबलो नाही. मी कागद घेऊन आत्याच्या पडवीत जाऊन बसलो. ती फणसाच्या आठळ्या सुपात घेऊन निवडत होती. तेवढ्यात माझा मुंबईचा चुलतभाऊ आला. हा आमच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी, कांदिवलीला असतो.

"टेन्शन नको घेऊ रे," तो म्हणाला. "एवढं हेवी कशाला लिहितोस? सिंपल ठेव ना. पॉइंट पॉइंट टाक."

मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे टाकलं. टाकी झाली आहे. सर्वांना नळ आले आहेत. बायला नळ नाही. बाय पाय घसरून पडली. तिचा हात मोडला. पाईप बांधावरून जाईल. शेत काकांचे राहील. गावकीची संमती आहे. आणि मोठ्याने वाचून पाहिलं, प्रत्येक वाक्यानंतर भाऊ आजोबांसारखा हूं म्हणत गेला. मजा म्हणजे निम्म्या वाटेवर आत्याचा डोळा लागला. सूप मांडीवर, मान खाली. माझ्या वर्गातली मुलं असे निबंध लिहितात तेव्हा मलाही नेमकं हेच होतं.

भाऊ मात्र उठून बसला. "अरे, हे भारी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "बघ ना, एकदा रिदम लागला की माणूस हूं हूं करत जातो. मधला पॉइंट त्यात निघून जाईल. काकाला कळणारपण नाय."

आणि ते खरं होतं. सारख्या मापाची वाक्यं एकापाठोपाठ आली की मागचा हूं पुढच्याला आपोआप ओढून आणतो. पाण्याचा हूं, हाताचा हूं, पाइपाचा हूं, झालं. मला क्षणभर फार मोह झाला. खाटेवरची लुगडी दिसत होती. पण दिलेला हूं परत घेता येत नाही, आणि काकांच्या वडिलांचं मी नुकतंच ऐकलं होतं. त्यांच्या लांब कागदात जे झालं तेच मी आखूड वाक्यांत करायला निघालो होतो. मी भावाला म्हटलं, "नको. त्यांना कळलंच पाहिजे." तो म्हणाला, "तू पण ना यार," आणि आठळी हातात खेळवत बसला.

मग मी खरा लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या श्वासावर मोजत होतो. ज्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता, ते टाकीचं आणि घरोघरीच्या नळांचं, ते मी एकत्र जोडून जरा लांब केलं, आजोबांच्या एका दमात बसेल इतकंच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तोडून तोडून सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला बाळबोध समजतात. आत्या पडली ते दोन वाक्यांत ठेवलं. 'म्हणून' काढून टाकला. 'तिचा हात मोडला, म्हणून नळ द्यावा' असं म्हटलं की ऐकणारा लगेच त्या 'म्हणून'शी भांडायला बसतो. नुसतं 'तिचा हात मोडला' म्हणून थांबलं की नळाचं त्याचं त्यालाच सुचतं.

पाइपाचं वाक्य एकटं ठेवलं. ते इतकं उघडं, की पेंगणाराही दचकून जागा व्हावा. 'पाईप काकांच्या बांधाच्या कडेने जाईल.' त्याला मागेपुढे काहीच जोडलं नाही. काकांनी ते ऐकावं, हवा तेवढा वेळ घ्यावा, आणि नाही म्हणायचं तर उघड म्हणावं. लिहून झाल्यावर मला घाम फुटला, पण बरंही वाटलं.

सकाळच्या वाक्याचे सगळे तुकडे असे एकेक करून बाहेर काढले, तेव्हा एक तुकडा हातात उरला. 'माहेरी वास्तव्यास असलेल्या.' तो कुठेच बसेना. इतर तुकड्यांची वाक्यं झाली होती, याचंही करून पाहिलं, आणि कागदावर लिहिलं गेलं: 'बाय इथेच राहील.'

मी ते बघतच राहिलो. सकाळी तेच मी इतर शब्दांच्या गर्दीत वाचलं होतं आणि कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही. असं सुटं लिहिल्यावर मात्र तो प्रश्न झाला. कारण तिने इथे राहावं असं गावकीने कधी म्हटलेलंच नव्हतं. भावाने दोन खोल्या दिल्या म्हणून ती राहिली. गावातल्या प्रत्येक कार्याला ती राबली, प्रत्येक बाळंतिणीचं केलं, पण गावकीच्या लेखी ती माहेरी आलेली लेकच होती. आलेली माणसं कधीतरी जातातच, असं धरून चालतात.

तिची मुलगी मागे येऊन माझ्या खांद्यावरून वाचत होती. "हे कशाला वाचतोस दादा?" ती म्हणाली. "नळापुरतं बोल ना. हे विचारलंस आणि गप्प बसले तर? आईला ते सोसायचं नाही."

तिचं बरोबर होतं. नळ मिळाला नाही तर आत्या पाण्यासाठी बिरवाडीला गेली असं म्हणता आलं असतं. यावर हूं आला नाही तर काहीच म्हणता आलं नसतं. मी वाक्यावर रेघ मारायला पेन टेकवलं.

"असू दे ता," आत्या म्हणाली. ती जागी होती, डोळे मिटूनच बसली होती. "ईचार. आजवर कुनी ईचारलाच नाय."

मग रेघ मारायची माझी हिंमत झाली नाही.

ऊन उतरायला लागलं तशी सभा पुन्हा बसली. मी उभा राहिलो आणि लांब वाक्य वाचलं, टाकीचं आणि नळांचं. आजोबांचा दम पुरला. हूं आला, मागून सगळ्यांचा आला, एका सुरात. आत्या पडली, हूं. हात मोडला, हूं. पायऱ्यांवरून बायका चुकचुकल्या. माझा आवाज सुटायला लागला.

"पाईप काकांच्या बांधाच्या कडेने जाईल."

कुणी हूं दिला नाही. आजोबांनीही नाही. सगळे काकांकडे बघत होते. काका जमिनीकडे बघत होते.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं, होतं तसंच.

"ह्याच्या पुढं काय हाय?"

"शेत तुमचंच राहील, असं आहे. आणि बांध कापणार नाहीत, असं आहे."

"मग ता आधी वाच की."

इतकी साधी गोष्ट मला पडवीत तासभर बसून सुचली नव्हती. माणसाला आधी त्याचं राहतंय ते सांगावं, मग मागावं. मी तिथेच कागद गुडघ्यावर घेऊन बाण काढला, वाक्यं वरखाली केली, आणि वाचलं: "शेत काकांचंच राहील." हूं आला, आणि त्यात काकांचा सगळ्यात मोठा होता. लोक हसले. "बांध कापला जाणार नाही." हूं. "पाईप त्या बांधाच्या कडेने बायच्या घरी जाईल."

काकांनी मान वर केली. "हूं," ते म्हणाले. मग आजोबा, मग सगळे.

भावाने सतरंजीवरून मला अंगठा दाखवला. आत्याच्या लेकीने पदर डोळ्यांना लावला, आणि मी तिच्याकडे बघून वेड्यासारखा हसलो. नळ आला होता. पाईप अजून पंचायतीच्या आवारात पडलेला होता, पण आमच्याकडे हूं आला म्हणजे आलाच. खरं तर तिथेच कागद घडी करावा आणि घरी जावं इतकं मला सुटल्यासारखं झालं होतं. कागद हातात होता. कुणालाही माहीत नव्हतं की खाली आणखी एक ओळ आहे.

पण आत्याला माहीत होतं. ती पायरीवर ताठ बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "बाय इथेच राहील."

लोकांना आधी कळलंच नाही. उठायच्या बेतात असलेले पुन्हा टेकले. आजोबांनी हनुवटी वर केली, पण हूं निघेना. ते माझ्याकडे बघायला लागले, मग मागे वळून पायऱ्यांकडे. त्यांना काय वाटत असेल ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. कदाचित हे आपण आजवर विचारलं नाही याचंच त्यांना नवल वाटत असेल. मला तेवढं सुचत नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी हे काय करून बसलो.

"हूं."

काका होते. आजोबांच्या आधी. गावकीत आजोबांच्या आधी कुणी हूं देत नाही, पण काकांनी दिला आणि वर म्हणाले, "म्हंजे काय? जाईल कुठं ती? आमची बाय हाय."

मग आजोबांचा आला. मग सगळ्या मंडपाचा, सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्यांनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं त्यांचाही. मी खाली मान घालून कागदावर खूण करत होतो, कारण मला वर बघवत नव्हतं.

सगळ्यांचं होऊन शांत झाल्यावर मागून, पायरीवरून, आणखी एक हूं आला. एकटाच, उशिरा आलेला, जरा घोगरा. गावकीत बायका हूं देत नाहीत. सगळे वळून बघायला लागले. आत्या पदर सावरत बसली होती.

आजोबांनीही तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"लिव रे मास्तर," ते म्हणाले. "बायचा पन आला."